एका मांडवात दोन घरांचे विधी

मराठी मुलीचे लग्न बंगाली, तमिळ, गुजराती किंवा कॅथलिक घरात ठरणे ही मुंबईत नवलाची गोष्ट राहिलेली नाही, आणि परदेशी जावई किंवा सून आता गिरगाव-दादरच्या घरांनाही अपरिचित नाही. अवघड असते ते पुढचे, म्हणजे दोन्ही घरांचे विधी एका समारंभात बसवणे. बहुतेक ठिकाणी हे काम याद्यांपासून सुरू होते. मुलीकडचे आपली यादी देतात, मुलाकडचे आपली, मोबाइलवर पाहिलेले दोन-तीन देखणे प्रकार करवली सुचवते, आणि सगळ्यांची बेरीज करून कार्यक्रम ठरतो. मग गुरुजी घाईत असतात, पाहुण्यांचे लक्ष जेवणाच्या पंगतीकडे लागलेले असते आणि आपण नेमके काय करतो आहोत हे न कळताच वधूवर सांगतील तसे उठत-बसत राहतात. येथे सुचवलेला क्रम उलट आहे. आधी विधी करून देणारी माणसे शोधावीत आणि मग विधी ठरवावेत. जो विधी लहानपणापासून पाहिलेले, त्याचा अर्थ चार वाक्यांत सांगू शकणारे एकही माणूस मांडवात असणार नाही, तो विधी कितीही सुंदर दिसत असला तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कायदा आधी, कारण त्याला दिवस लागतात

समारंभ कसाही रचला तरी विवाह कायद्याने कोणत्या क्षणी पूर्ण होतो हे दोघांनाही ठाऊक असले पाहिजे. वधू आणि वर दोघेही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असतील तर हिंदू विवाह कायदा, १९५५ लागू होऊ शकतो. त्याच्या कलम ७ नुसार दोघांपैकी कोणत्याही एका पक्षाच्या रूढीप्रमाणे विधी झाले तरी विवाह ग्राह्य ठरतो, आणि त्या रूढीत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडताच तो पूर्ण आणि बंधनकारक होतो. याचा व्यावहारिक अर्थ असा की मराठी-बंगाली किंवा मराठी-तमिळ लग्नात एका बाजूचे मुख्य विधी यथासांग करावेत आणि दुसऱ्या बाजूचे निवडक घ्यावेत, यात कायद्याची अडचण नाही. मात्र दोन्हीकडचे अर्धेमुर्धे विधी करून मुख्य विधीच राहून गेला, तर अडचण होऊ शकते. विधी न करता केवळ नोंदणीचा कागद मिळवल्याने या कायद्याखालचा विवाह सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे.

धर्म वेगळे असतील आणि कोणालाही धर्म बदलायचा नसेल, तर विशेष विवाह कायदा, १९५४ हा सरळ मार्ग आहे. दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य असावे लागते, विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते, ती प्रसिद्ध झाल्यापासून आक्षेपांसाठी ३० दिवस जावे लागतात, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत विवाह झाला नाही तर ती नव्याने द्यावी लागते. याच कायद्यातील एक तरतूद फार कमी लोकांना माहीत असते. विवाह दोघांना हव्या त्या पद्धतीने करता येतो. अट एवढीच की विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर दोघांनीही एकमेकांना कायदेशीर पती किंवा पत्नी म्हणून स्वीकारल्याचे स्वतःच्या तोंडाने म्हटले पाहिजे. वाजवी अंतरावरच्या हॉलमध्ये अधिकाऱ्यांना जादा शुल्क भरून बोलावण्याचीही सोय कायद्यात आहे. तरीही समारंभाच्या काही दिवस आधी कार्यालयात जाऊन सह्या करून येणे अधिक निवांत असते, कारण मग मांडवात जे होते त्यावर कायद्याचे ओझे राहत नाही आणि निवड मोकळेपणाने करता येते. या कायद्याने विवाह केल्यास वारसाहक्काचे नियम काही बाबतींत बदलतात, म्हणून एकत्र कुटुंबाची मालमत्ता असलेल्यांनी वकिलाशी एकदा बोलून घ्यावे.

तारीख

कार्यालय ठरवण्याआधी दोन्ही घरांचे वर्ज्य काळ कागदावर लिहून घ्यावेत. मराठी घरांत चातुर्मासात लग्ने टाळतात आणि तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात. बंगाली घरांत भाद्र, पौष आणि चैत्र वर्ज्य मानतात. तमिळ घरांत आडि आणि मार्गळि, म्हणजे साधारण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत आणि डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंतचा काळ, टाळतात. कॅथलिक घरांत ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात लग्नाचा थाट केला जात नाही, ज्यू कुटुंबांत शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, असतो, आणि बऱ्याच मुस्लिम घरांत रमजान व मोहरम टाळला जातो. हे सगळे मांडून पाहिले की जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारीची सुरुवात बहुतेकांना चालते असे दिसते, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत दादर-पार्ल्याचे हॉल सर्वात आधी भरतात.

दिवसाची वेळही तितकीच महत्त्वाची आहे. तमिळ मुहूर्त बहुधा सकाळचे असतात, पारशी लग्न सूर्यास्तानंतर लागते, बंगाली लग्न सायंकाळी किंवा रात्री. मराठी पंचांगात गोरज मुहूर्ताची सोय असल्याने पारशी किंवा बंगाली घराशी सोयरीक असेल तर संध्याकाळ धरावी, म्हणजे कोणालाच मन मारावे लागत नाही. (रविवार निवडल्यास उपनगरी गाड्यांचा मेगाब्लॉक गृहीत धरावा. विरार आणि डोंबिवलीहून येणारे पाहुणे मुहूर्त टळल्यावर पोहोचतात आणि त्याचा दोष मात्र नव्या सोयऱ्यांच्या माथी येतो.)

काय घेता येते आणि काय नाही

प्रत्येक समाजाच्या लग्नात दोन थर असतात. एक थर धर्मविधींचा, ज्यांना धर्मसंस्थेची मान्यता लागते आणि जे अधिकारी व्यक्तीच करू शकते. दुसरा थर लोकाचारांचा, जे घरातल्या बायका, मामा, भाऊ आणि आत्या करतात आणि जे मुळातच घराघरांत वेगळे असतात. मिश्र समारंभासाठी पहिल्या थराला हात लावू नये आणि दुसऱ्यातून मोकळ्या मनाने घ्यावे, हा सर्वात सुरक्षित नियम आहे.

शिखांचा विवाहविधी, आनंद कारज, गुरू ग्रंथसाहिबांच्या समोर, चार लावां, म्हणजे विवाहाची चार पदे, म्हणत होतो. शीख रहत मर्यादेनुसार, म्हणजे शिखांच्या आचारसंहितेनुसार, तो शीख नसलेल्यांसाठी नाही, आणि रिसॉर्ट किंवा समुद्रकिनाऱ्यावरच्या लग्नासाठी ग्रंथसाहिब नेण्यास २०२३ मध्ये अकाल तख्ताकडून, म्हणजे शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाकडून, मनाई झाली आहे. तेव्हा लॉनवर ‘छोटासा आनंद कारज’ ही कल्पनाच सोडून द्यावी. मात्र जागो (आदल्या रात्रीची गाणी-नाच), मिलनी (दोन्हीकडच्या नातलगांची गळाभेट), चूडा (वधूच्या बांगड्या) हे सारे लोकाचार आहेत आणि पंजाबी मावशी-मामी ते आनंदाने करून देतात. पारशी आशीर्वाद, म्हणजे त्यांचा मुख्य विवाहविधी, हा दोघे पारशी असतानाचाच विधी आहे, परंतु उंबरठ्यावर अंडे, नारळ, पान-सुपारी आणि पाणी ओवाळून टाकण्याचे आचू-मिचू घरातली ज्येष्ठ स्त्री करते. निकाहात ईजाब-कबूल (प्रस्ताव आणि स्वीकार), मेहेर (वराने वधूला द्यायची रक्कम) आणि साक्षीदार असतात. त्यातील एखादा तुकडा उचलून सप्तपदीला जोडू नये. चर्चमधील विवाहाच्या बाबतीत फादरांना आधी भेटून काय चालेल ते विचारावे. एक पक्ष ख्रिस्ती नसेल तर कॅथलिक चर्चमध्ये बिशपांची विशेष परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो. समई लावण्यासारख्या गोष्टी मात्र भारतातील अनेक चर्चमध्ये रुळलेल्या आहेत.

जिथे दोन्ही घरे आधीच भेटतात

याद्या शेजारी ठेवून वाचल्या तर एक गोष्ट लक्षात येते: नवे जोडण्यापेक्षा आधीच समान असलेले शोधणे सोपे असते. याचे सर्वात चांगले उदाहरण म्हणजे अंतरपाट. मंगलाष्टके चालू असताना वधूवरांमध्ये धरलेले ते वस्त्र केवळ मराठी नाही. गुजराती लग्नात ते आहे. तेलुगू लग्नात अड्डुतेरा नावाने आहे आणि तो पडदा असतानाच वधूवर एकमेकांच्या मस्तकावर जिरे-गुळाचा गोळा ठेवतात. पारशी लग्नात त्याला आरा अंतर म्हणतात. वस्त्राच्या दोन बाजूंना बसलेल्या दोघांचे उजवे हात त्याखालून एकमेकांत दिलेले असतात, भोवती सात वेळा दोरा गुंडाळला जातो, आणि पडदा दूर होताच दोघेही एकमेकांवर तांदूळ फेकतात. जो आधी फेकेल त्याचा घरात वरचष्मा, असे मानतात, म्हणून मांडवात हशा पिकतो.

म्हणजे मराठी-तेलुगू लग्नात दोन वेगळे पडदे धरण्याची काहीच गरज नाही. अंतरपाट एकच धरावा, त्याची दोन टोके दोन्ही घरांच्या माणसांच्या हाती द्यावीत, मंगलाष्टकांच्या शेवटच्या कडव्यावर जिरे-गूळ मस्तकी ठेवावा आणि ‘सावधान’ला पडदा दूर करावा. येथे एक तांत्रिक प्रश्न आहे आणि तो दोन्ही पुरोहितांसमोर आधीच सोडवला पाहिजे. मुहूर्ताचा नेमका क्षण मराठी लग्नात अंतरपाट दूर होण्याचा, तेलुगू लग्नात जिरे-गुळाचा आणि तमिळ लग्नात ताली, म्हणजे त्यांचे मंगळसूत्र, बांधण्याचा असतो. पहिल्या दोन गोष्टी एका मिनिटात बसतात. ताली बसत नाही, कारण तिच्याआधी बरेच काही व्हावे लागते. मराठी-तमिळ लग्नात म्हणून पंचांगातून जवळजवळचे दोन मुहूर्त काढून घेणे उत्तम.

बंगाली शुभदृष्टीचेही असेच आहे. वधूला पाटावर बसवून तिचे भाऊ तो पाट उचलतात, वराभोवती सात फेऱ्या घालतात, आणि तोवर तिने विड्याच्या दोन पानांनी चेहरा झाकलेला असतो. पाने बाजूला होतात तेव्हा नजरानजर होते. मराठी पद्धतीत वधूला मामा आणतो, आणि मामाचा मान गेला तर ते घर पुढची दहा वर्षे ऐकून घेते. त्यामुळे पाट भावांनी उचलावा, मामाने पुढे चालावे, फेऱ्या संपल्यावर वधूला अंतरपाटामागे उभे करावे, आणि पडदा सरल्यावर तिने पाने दूर करावीत. शंखध्वनी आणि उलुध्वनी, म्हणजे जीभ हलवून काढलेला शुभस्वर, बंगाली बायकांवर सोपवावा. त्याची तालीम मराठी करवल्यांनी आदल्या रात्री केली तरी तो तसा येत नाही.

आरसा हा दुसरा समान धागा. आपल्या सूनमुखात सासू सुनेचा चेहरा आरशात पाहते. मुस्लिम घरांतील आरसी-मुसहफमध्ये वधूवर एकमेकांना प्रथम आरशात पाहतात, आणि इराणी सोफ्रे-अग्दच्या, म्हणजे विवाहासाठी अंथरलेल्या वस्त्रावरच्या, मांडणीतही आरसा मध्यभागी असतो. आरसी-मुसहफमध्ये कुराणही असते, म्हणून ते त्या घरातील माणसांनीच आणावे, उंच आसनावर ठेवावे आणि नंतर त्यांनीच उचलून न्यावे. सूनमुख त्यानंतर वेगळे करावे, पण आरसा तोच वापरावा.

हळद आणि तिची भावंडे

लग्नाच्या आदल्या दिवसाचे विधी मिसळायला सर्वात सोपे असतात, कारण तेथे मुहूर्ताची घाई नसते आणि पुरोहितांचे कामही फार नसते. वराची उष्टी हळद वधूकडे पाठवण्याची मराठी रीत आणि बंगाली गाये हलुद जवळजवळ एकच आहेत; तिकडे हळदीसोबत सजवलेला रोहू मासाही येतो. वधूचे घर शाकाहारी असेल तर हे आधी सांगावे. साच्यात घातलेला माशाच्या आकाराचा संदेश, म्हणजे छेन्याची मिठाई, पाठवण्याची पद्धत बंगाल्यांतही आहे, त्यामुळे कोणी दुखावत नाही.

गोव्याच्या आणि मंगळूरच्या कॅथलिक घरांत लग्नाआधी नारळाचे दूध लावून रोस करतात. मुंबईच्या ईस्ट इंडियन समाजात, म्हणजे वांद्रे, गोराई, वसईच्या गावठाणांतील मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांत, उंबराचे पाणी आणण्याचा विधी वाजतगाजत होतो आणि मांडवही घातला जातो. मराठी हिंदू घराशी अशी सोयरीक होत असेल तर आदल्या दिवशी एकाच अंगणात आधी हळद, मग नारळाचे दूध आणि शेवटी पाण्याची आंघोळ, असा क्रम ठेवावा. आधी नारळाचे दूध लावले तर त्यावर हळद नीट बसत नाही, ही गोष्ट कोणत्याही शास्त्रात लिहिलेली नसली तरी पाळण्यासारखी आहे. सोसायटीच्या गच्चीवर हे करायचे असल्यास पाणी आणि निचऱ्याची व्यवस्था पाहावी, आणि मोकळ्या जागेत रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही हे बँडवाल्यांना आधी बजावावे.

बेने इस्रायली हा कोकणातून मुंबईत आलेला मराठी बोलणारा ज्यू समाज. त्यांच्याकडे लग्नाआधी मेंदी लावतात, हिरव्या बांगड्या भरतात आणि एलियाहू संदेष्ट्याच्या स्मरणार्थ मलिदा करतात. पोहे, गूळ किंवा साखर, खोबरे आणि फळे असा तो प्रसाद असतो. अशा घराशी नाते जुळत असेल तर मराठी घराला नवे शिकण्यासारखे फारच थोडे उरते.

अग्नी, फेरे आणि पावले

सर्वाधिक गोंधळ येथे होतो. उत्तर भारतीय घरांना सात फेरे हवे असतात, गुजराती घरांना चार मंगलफेरे, आणि मराठी घराला सप्तपदी, जी फेऱ्यांची नसून तांदळाच्या सात राशींवरून टाकलेल्या सात पावलांची असते. तिन्ही केल्यास वधूवर दमतात आणि अग्नी विझतो. उपाय आपल्याच विधीत आहे. मराठी पद्धतीत लाजाहोमाच्या वेळी वधूचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो आणि अग्नीला प्रदक्षिणा होतात. या प्रदक्षिणाच सोयऱ्यांच्या पद्धतीने आणि त्यांच्या संख्येने घ्याव्यात, आणि नंतर सप्तपदी एकदाच करावी. सात पावलांचे हेतू अन्न, बळ, धन, सुख, संतती, ऋतू आणि सख्य असे आहेत. प्रत्येक पावलाला गुरुजींचा मंत्र झाल्यावर दोन्ही घरांच्या भाषांत एकेक ओळ कोणी वाचली तर सगळा मांडव लक्ष देऊन ऐकतो. सातव्या पावलाच्या वेळी छायाचित्रकाराने ‘पुन्हा एकदा’ म्हणू नये, एवढे त्याला ठणकावून सांगावे.

सौभाग्यचिन्हांच्या बाबतीत मात्र एकच निवडण्याचा आग्रह धरू नये. हिरव्या चुड्याशेजारी बंगाली शाखा-पोला, म्हणजे शंखाच्या पांढऱ्या आणि पोवळ्याच्या लाल बांगड्यांचा जोड, शोभून दिसतो. मंगळसूत्र आणि अंगठी यांचा झगडा नाही. केरळच्या ख्रिस्ती लग्नात वर मिन्नू, म्हणजे सोन्याचे छोटे पदक, बांधतो आणि त्याचा दोरा मंत्रकोडी या वराकडून येणाऱ्या साडीतून काढलेल्या धाग्यांचा असतो. ते बांधले जाते तेव्हा मराठी आज्यांना काहीच समजावून सांगावे लागत नाही.

कन्यादान अनेक मुलींना आता नको असते, आणि त्यावरून घरात वाद होतो. मिश्र लग्नात हा वाद सोडवणे तुलनेने सोपे जाते, कारण तसेही विधी नव्याने मांडायचे असतात. महाराष्ट्राची स्वतःची पर्यायी परंपरा हाताशी आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी पहिला सत्यशोधक विवाह झाला; फुल्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू आणि वर परस्परांशी बोलतात, प्रतिज्ञा करतात, आणि पुरोहिताची गरज राहत नाही. बौद्ध विवाहातही त्रिशरण-पंचशीलानंतर दोघे परस्परांना वचने देतात. ज्या जोडप्याला मंत्रांपेक्षा स्वतःचे शब्द हवे आहेत त्याने परदेशी चित्रपटांतील शपथा शोधण्याआधी हे वाचावे. कन्यादानाच्या जागी चौघा आईवडिलांनी मिळून दोघांचे हात एकमेकांत द्यावेत, हा मला सर्वात कमी कटकटीचा मार्ग वाटतो.

परदेशी विधी

वधू किंवा वर त्या देशाचा असेल तर प्रश्नच नाही. त्यांच्या आईवडिलांना विचारावे. चिनी चहाविधीत वधूवर गुडघे टेकून वडीलधाऱ्यांना मानाच्या क्रमाने चहा देतात आणि ते लाल पाकिटातून भेट देतात. आपल्या नमस्कार-आशीर्वादाच्या कार्यक्रमात तो जसाच्या तसा बसतो. जपानी सान-सान-कुदोमध्ये तीन पेल्यांतून प्रत्येकी तीन घोट साके घेतात. मुंबईतील अनेक कार्यालयांत मद्य चालत नाही, त्यामुळे हा विधी घरी किंवा हॉटेलातील स्वागतसमारंभात ठेवावा.

ज्यू लग्नातील पेला फोडणे अनेकांना आवडते. ते जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचे स्मरण आहे, आनंदातही दुःख विसरू नये म्हणून केलेले, आणि टाळ्यांसाठी केलेली करामत नाही. हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी करू नये. शिवाय मराठी मांडवात सगळे अनवाणी असतात. पेला जाड कापडात गुंडाळलेला असावा, वराच्या पायांत बूट असावेत आणि जागा मांडवाबाहेरची असावी.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांमध्ये वधूवर झाडूवरून उडी मारतात. गुलामगिरीत ज्यांना कायदेशीर लग्नाचा हक्कच नव्हता त्यांच्या इतिहासाशी ही रीत जोडलेली आहे, तेव्हा त्या घराशी नाते नसताना ती उचलणे अनुचित आहे. नाते असेल तर दुसरी अडचण येते, कारण आपल्याकडे केरसुणीला लक्ष्मी मानतात आणि पाय लागला तर नमस्कार करतात. मांडवातल्या ज्येष्ठांना आधी अर्थ सांगून ठेवला आणि झाडू नवा, सजवलेला, फक्त या विधीसाठी आणलेला ठेवला, तर कोणी कुरकुरत नाही.

मानपानाची बेरीज

ज्या गोष्टीवर कोणी लिहीत नाही ती ही. दोन संस्कृतींचे विधी एकत्र येतात तेव्हा दोन संस्कृतींचे मानपानही एकत्र येऊ पाहतात. मिलनीत जोड्याजोड्यांनी गळाभेट आणि भेटवस्तू, बंगाली ‘तत्त्व’, म्हणजे भेटवस्तूंची सजवलेली तबके, मराठी विहिणींच्या साड्या, आणि शिवाय जोडे लपवण्याचे पैसे, अशी यादी वाढत गेली की बिल एकाच बाजूला जाते आणि ‘तुमच्याकडे असते ना?’ या गोड प्रश्नामागे मागणी लपते. हुंडाबंदीचा कायदा १९६१ पासून आहे. पहिल्याच बैठकीत ठरवावे की दुसऱ्या घराचा विधी घेताना त्यातील कृती घेतली जाईल, देणेघेणे नाही. मिलनीत फक्त हार घालावेत. तबकांत लाडू-संदेश असावेत. जोडे पळवल्याचे एकवीस रुपये द्यावेत आणि कानपिळीच्या वेळी वधूच्या भावाने वराचा कान पिळून तेवढेच वसूल करावेत.

खर्चाशिवाय रंगत आणणारे लोकाचार हवे असतील तर तमिळ काशीयात्रा घ्यावी. वर छत्री-काठी घेऊन संन्यास घ्यायला निघतो आणि वधूचे वडील किंवा भाऊ त्याची समजूत काढून परत आणतात. दहा मिनिटे पुरतात, भाषा येत नसली तरी सर्वांना कळते, आणि वराचे अभिनयकौशल्यही उघडे पडते.

प्रत्यक्ष दिवस

दोन्ही पुरोहितांची किमान एक भेट लग्नाआधी घडवून आणावी, आणि त्या भेटीत वधूवरांनी स्वतः बसावे. कोण कधी थांबेल, कोणाचे साहित्य कुठे ठेवायचे, अग्नी कोण प्रज्वलित करील, हे त्याच वेळी लिहून घ्यावे. दोन्हीकडची दक्षिणा सारखी असावी. तफावत कधी ना कधी कळतेच. हॉल बंदिस्त आणि वातानुकूलित असेल तर होमाला परवानगी आहे का, कुंड किती मोठे चालते, धुराची सूचना देणारी यंत्रणा तेवढ्या वेळेपुरती कोण सांभाळणार, हे व्यवस्थापकाकडून लेखी घ्यावे. अर्ध्या दिवसाचे भाडे असलेल्या कार्यालयात चारपेक्षा अधिक मुख्य विधी मांडू नयेत.

साहित्याच्या बाबतीत मुंबई उदार आहे. झेंडू, निशिगंध आणि मुंडावळ्या दादरच्या फूलबाजारात मिळतात, दाक्षिणात्य पद्धतीचे जाड गुंफलेले हार माटुंग्यात बांधून मिळतात. बंगाली वराचा टोपोर, म्हणजे मुकुट, शोला या हलक्या वनस्पतीचा, अतिशय ठिसूळ असतो. तो कोलकात्याहून येणाऱ्या माणसानेच हातात धरून आणावा.

कपड्यांच्या रंगांवर आधी बोलावे. बौद्ध लग्नात पांढरा रंग शुभ असतो, ख्रिस्ती वधूचा झगा पांढरा असतो, आणि मराठी हिंदू घरातील वयस्क बायकांना तोच खटकतो. पत्रिकेसोबत जोडलेल्या छोट्या पुस्तिकेत प्रत्येक विधीबद्दल दोन-तीन ओळी, दोन्ही घरांच्या भाषांत आणि मुंबईत सर्वांना कळेल अशा हिंदीत किंवा इंग्रजीत, छापल्या तर निम्म्या शंका तेथेच मिटतात. डोके झाकावे का, पादत्राणे कुठे काढावीत, टाळ्या वाजवाव्यात की नाही, हेही त्यात असावे. सूत्रसंचालकाने मंत्र चालू असताना बोलू नये. अक्षतांचे म्हणाल तर तांदळाऐवजी पाकळ्या देणे सोयीचे ठरते. मागच्या रांगांतून फेकलेले तांदूळ वधूवरांपर्यंत कधीच पोहोचत नाहीत, ते पुढच्या पाहुण्यांच्या केसांत अडकतात.

लग्न विशेष विवाह कायद्याखाली झाले नसेल, तर महापालिकेच्या विभाग कार्यालयात नोंदणी करावी लागते. तिला तीन साक्षीदार लागतात, आणि अर्जावर विवाह लावणाऱ्या पुरोहिताचीही सही असते. मुख्य विधी ज्यांनी केला त्यांचीच सही तेथे हवी, आणि ती घ्यायची सर्वात सोयीची वेळ म्हणजे गुरुजी जेवून निघण्यापूर्वीची. बंगाली किंवा तमिळ पुरोहित बाहेरगावाहून आलेले असतील तर ते त्याच रात्रीच्या गाडीने परत जातात. म्हणून अर्जाची छापील प्रत, पेन आणि लग्नपत्रिका ज्याच्या पिशवीत असेल असा एक जबाबदार चुलतभाऊ आदल्या दिवशीच नेमून ठेवावा.